गावातला परकीय भाषेचा वर्ग: तपासायचा कसा, सुधारायचा कसा

जुलैमध्ये आमच्या वर्गात जर्मन ऐकूच येत नाही. वाचनालयाच्या वरच्या मजल्यावर छताला पत्रे आहेत. रत्नागिरी जिल्ह्यातला आषाढाचा पाऊस त्यावर कोसळायला लागला की शेजारच्या बाकावरचा काय म्हणतो तेही कळत नाही. हे आम्हा सगळ्यांना ठाऊक होतं. तरीही आमची मुलं परीक्षेत ऐकण्याच्या भागात मागे पडायची, तेव्हा आम्ही त्यांना ‘लक्ष देऊन ऐका’ एवढंच सांगत राहिलो. मागच्या बाकावर बसून मी रोजच्या तासाची नोंद ठेवायला लागले, तेव्हा कुठे उलगडा झाला. जून ते सप्टेंबर ऐकण्याचा पाठ आला की तो ‘पुढच्या वेळी करू’ म्हणून राहायचा. पुढच्या वेळीही पाऊस असायचा, नाहीतर वीज गेलेली असायची. वर्षातले चार महिने मुलांच्या कानावर ती भाषा पडतच नव्हती.

कोकणात आता तालुक्याच्या गावीही जर्मन, जपानी, फ्रेंच शिकावं असं मुलांना वाटू लागलंय. २०२४ मध्ये महाराष्ट्र शासनाने जर्मनीतल्या बाडेन-वुर्टेम्बर्ग राज्याशी कुशल मनुष्यबळाचा करार केला, तेव्हापासून तर चौकशीचे फोन जास्तच येतात. वर्ग सुरू करणं त्यामानाने सोपं. तो नीट चाललाय का हे ओळखणं मात्र आम्हाला कुणी शिकवलं नव्हतं. संस्थेचे कार्यवाह, कॉलेजातले समन्वयक किंवा स्वतः शिकवणारे म्हणून अशा वर्गाची जबाबदारी तुमच्याकडे नुकतीच आली असेल, तर पुढचं सगळं तुमच्यासाठी आहे. पैसा फारसा लागत नाही. एक वही, एक फोन आणि एक सत्रभर धीर पुरतो.

पहिलं काम: कोण कशासाठी आलंय ते लिहून घ्या

पहिल्या आठवड्यात प्रत्येकाला एक चिठ्ठी द्या. तिच्यावर एकच वाक्य असू दे: ‘हा वर्ग संपल्यावर मला … करता यायला हवं.’ मोकळी जागा त्यांनी मराठीत भरायची. ‘जर्मन यायला हवं’ असं कुणी लिहिलं तर चिठ्ठी परत द्या आणि विचारा, जर्मनमध्ये नेमकं काय करायचंय?

आमच्या एका बॅचच्या चिठ्ठ्या मी अजून जपून ठेवल्या आहेत. नर्सिंग झालेल्या दोन मुली होत्या. त्यांना जर्मनीत रुग्णालयात काम करायचं होतं, आणि त्यासाठी साधारण बी२ पातळी लागते (ए१ सगळ्यांत खालची, सी२ सगळ्यांत वरची; याबद्दल पुढे सांगते). एका मुलीचं लग्न ठरलं होतं, नवरा तिकडे नोकरीला. तिला व्हिसासाठी ए१ पुरत होतं. एका काकांची तारकर्लीला घरगुती निवासाची सोय आहे, त्यांना परीक्षा द्यायचीच नव्हती. आलेल्या पाहुण्याला माशात काटे आहेत, भरती कधी आहे, पाण्यात कुठवर जायचं हे सांगता आलं की झालं. आणि एका आजींना परदेशात वाढणाऱ्या नातवाशी बोलायचं होतं.

हे सगळे एका खोलीत, एकाच पुस्तकातून शिकत होते. त्यातलं कुणी कंटाळलं तर दोष कुणाचा? चिठ्ठ्या वाचल्याशिवाय वर्ग चांगला की वाईट हे सांगताच येत नाही, कारण तो कुणासाठी चांगला हे ठरलेलं नसतं. लोक थोडे असल्यामुळे गावात वेगळ्या बॅचेस परवडत नाहीत, हे मलाही मान्य आहे. पण आठवड्यातल्या तीन तासांपैकी एक तास गटागटाने करता येतो. नर्सिंगच्या मुलींनी दुखण्याखुपण्याचे संवाद करायचे, काकांनी पाहुण्यांचे.

पातळ्या आणि गुणपत्रिका वाचायला शिका

युरोपीय भाषांसाठी युरोप परिषदेने २००१ मध्ये प्रसिद्ध केलेली सहा पायऱ्यांची चौकट वापरतात: ए१, ए२, बी१, बी२, सी१, सी२. तिची खरी ताकद तिच्या वाक्यांत आहे. प्रत्येक पायरीवर माणूस काय करू शकतो याची ती वाक्यं आहेत. ए१ चा माणूस स्वतःची ओळख करून देऊ शकतो, समोरचा सावकाश बोलत असेल तर साधं विचारू-सांगू शकतो. बी१ चा माणूस प्रवासात अडचण आली तर निभावून नेतो, आपलं मत थोडक्यात मांडतो. ही वाक्यं मराठीत लिहून भिंतीवर लावा. आमच्याकडे ती अभ्यासक्रमाच्या यादीशेजारी लावली, आणि ‘कितवा धडा चाललाय?’ असं विचारणारी मुलं ‘मला हे येतं का?’ असं विचारू लागली.

जपानीची जेएलपीटी ही परीक्षा वेगळी. तिथे एन५ सगळ्यांत खाली आणि एन१ वर. ती दरवर्षी जुलै आणि डिसेंबरमध्ये होते आणि आपल्याला जवळची केंद्रं म्हणजे पुणे आणि मुंबई. तिच्यात बोलण्याची आणि लिहिण्याची परीक्षाच नाही, सगळे प्रश्न पर्यायांतून निवडायचे. म्हणजे एन४ पास झालेल्या मुलाला जपानी बोलता येतं का, हे ती परीक्षा आपल्याला सांगत नाही.

इथे थोडं थांबून गुणांकडे बघा, कारण नव्या माणसाची फसगत नेमकी इथेच होते. एन४ ला १८० पैकी ९० गुणांना पास करतात. त्यात ऐकण्याचे गुण ६० पैकी असतात आणि त्या भागात किमान १९ मिळाले की चालतं. वाचन, शब्द, व्याकरण पक्कं असलेलं मूल कानाने कच्चं असूनही पास होतं. फ्रेंचच्या डेल्फ परीक्षेत १०० पैकी ५० लागतात आणि चार भागांत प्रत्येकी २५ पैकी फक्त ५ पुरतात. जर्मनसाठी गोएथे इन्स्टिट्यूटच्या ए१ परीक्षेला एकूण ६० टक्के हवेत. बी१ पासून मात्र वाचन, ऐकणं, लिहिणं, बोलणं असे चार भाग सुटे होतात आणि प्रत्येकात ६० टक्के मिळवावे लागतात. ए१, ए२ ला एका भागाने दुसऱ्याला सांभाळून घेतलेलं असतं, ते बी१ ला उघडं पडतं. म्हणून ‘आमचा निकाल इतका लागला’ हा आकडा बाजूला ठेवा आणि मुलांकडून भागवार गुण मागा. गेल्या दोन-तीन बॅचेसचे गुण एका कागदावर भागवार मांडले की कुठे गळतंय ते दिसतं. आमच्या पत्र्याचा पहिला पुरावा असाच मिळाला होता, फक्त तो आम्हाला वाचता आला नव्हता.

मागच्या बाकावर बसा

तास कसा होतो हे तास बघितल्याशिवाय कळत नाही. शिक्षकांना आधी सांगा, परवानगी घ्या. त्यांना गुण द्यायला आपण आलेलो नाही हे स्पष्ट बोला आणि तसंच वागा. वहीत पाच रकाने आखा: शिक्षक मराठीत बोलतायत, शिक्षक शिकवायच्या भाषेत बोलतायत, एक विद्यार्थी बोलतोय, मुलं जोडीने बोलतायत, सगळे गप्प. दर दोन मिनिटांनी त्या क्षणी जे चाललंय त्या रकान्यात एक रेघ ओढा. तासाभरात तीस रेघा होतात. असे निदान तीन तास बघा आणि त्यातला एक मुसळधार पावसातला असू दे.

पहिल्यांदा हे केलं तेव्हा आमच्या निम्म्याहून जास्त रेघा पहिल्या रकान्यात पडल्या. आमच्या मॅडम फार कळकळीने शिकवतात. त्या व्याकरण इतकं सुंदर समजावून सांगतात की मीही ऐकत बसले होते. पण मुलांच्या तोंडून तासभरात जेमतेम काही वाक्यं बाहेर पडली. वही मॅडमना दाखवली तेव्हा त्या बराच वेळ रेघांकडे बघत राहिल्या, आणि पुढच्या तासापासून त्यांनी जोड्या करायला सुरुवात केली. मला काही सांगावं लागलं नाही.

तासात शिकवायची भाषा किती असावी यावर मतभेद आहेत. अमेरिकेतली परकीय भाषा शिक्षकांची संघटना ‘ॲक्टफल’ नव्वद टक्के किंवा त्याहून जास्त म्हणते. आपल्याकडे ए१ च्या पहिल्या महिन्यात हे जमवायला गेलं तर लाजरी मुलं पार मिटून जातात, असा माझा अनुभव आहे. मी मराठीला वर्गाबाहेर काढणार नाही. ती कुठे कामाला लावायची ते पुढे सांगते. पण ‘पान उघडा’, ‘पुन्हा सांग’, ‘खिडकी लाव, पाऊस आत येतोय’ ही रोजची वाक्यं पहिल्या आठवड्यापासून त्या भाषेतच हवीत. भाषेचा खरा वापर तिथूनच सुरू होतो.

प्रत्येकाशी दहा मिनिटं बोला

सगळ्यांत जास्त शिकवून जाणारं काम हे, आणि वेळखाऊ म्हणून सगळ्यांत आधी टाळलं जातं तेही हेच. सत्राच्या सुरुवातीला प्रत्येक विद्यार्थ्याला एकेकटं बोलवा. त्याची परवानगी घेऊन फोनवर बोलणं रेकॉर्ड करा. तीन छोटी कामं द्या: पहिलं ओळखीचं, दुसरं थोडं अवघड, तिसरं अडचणीचं. ए१ च्या मुलांना मी आधी घराबद्दल विचारते, मग चहाच्या टपरीवर काहीतरी मागायला लावते, आणि शेवटी म्हणते, ‘तुमची गाडी चुकली, खिडकीवर जाऊन पुढची कधी आहे ते विचारा.’ तिसऱ्या कामात मूल अडखळतं. अडखळल्यावर ते काय करतं हे मला बघायचं असतं. पुन्हा सांगा म्हणतं का? दुसरा शब्द शोधतं का? की मान खाली घालून गप्प बसतं?

गुण देताना व्याकरणाच्या चुका मोजू नका. तीनच प्रश्न ठेवा: काम झालं का, अनोळखी माणसाला हे बोलणं समजेल का, अडल्यावर सावरता आलं का. प्रत्येकाला ० ते ३. शक्य असेल तर दुसऱ्या कुणाला रेकॉर्डिंग ऐकवून स्वतंत्र गुण द्यायला सांगा. दोघांच्या गुणांत फार अंतर पडलं तर एकत्र बसून पुन्हा ऐका. आमचं असं ठरलंय की पुण्यात शिकवणारी एक मैत्रीण आमची रेकॉर्डिंग्ज ऐकते आणि त्या बदल्यात मी तिच्या मुलांची ऐकते. आपल्या मुलांचं अर्धवट वाक्य आपल्याला सवयीने कळतं. परक्या कानाला ते कळत नाही, म्हणून परका कान लागतोच.

तीन महिन्यांनी तीच कामं, त्याच पद्धतीने पुन्हा. पहिलं रेकॉर्डिंग जपून ठेवा.

सोडून गेलेल्यांना फोन करा

वर्गात बसलेल्यांना विचारलं की सगळं छान असतं. जे मधेच गळाले त्यांना शोधा. फोन करताना ‘का सोडलंस?’ असं विचारू नका, ते जाब विचारल्यासारखं वाटतं. ‘शेवटच्या आठवड्यात काय होत होतं?’ असं विचारा.

आम्ही अशा काही जणांशी बोललो. भाषा अवघड गेली म्हणणारे थोडेच निघाले. वाडीवर जाणारी शेवटची एसटी साडेसहाला आणि आमचा तास सुटायचा पावणेसातला. दोन मुली पंधरा मिनिटं आधी उठायच्या, मागचं राहून जायचं, मग त्यांना लाज वाटायला लागली आणि त्या यायच्याच थांबल्या. एक मुलगा मे महिन्यात आंब्याच्या पेट्या भरायला घरी थांबला तो परत आलाच नाही, कारण जूनमध्ये वर्ग चार धडे पुढे गेला होता. आम्ही तास अर्धा तास अलीकडे घेतला. कुठलंही नवं पुस्तक आणून जेवढा फरक पडला नसता तेवढा त्याने पडला.

यातूनच सांगते: वर्षाचं वेळापत्रक आपल्या पंचांगाने आखा. शिमग्यात पालखी घरी येणार असते तेव्हा कुणी तासाला येत नाही, यावंही नये. गणपतीत दहा दिवस गेले असं धरूनच चला. मे महिना कलमांचा, लग्नांचा आणि घरी आलेल्या चाकरमान्यांचा. जपानीची जुलैची परीक्षा घ्यायची तर तयारीचा ऐन काळ मेमध्ये पडतो आणि पुण्याचा प्रवास भर पावसात. मी आमच्या मुलांना डिसेंबरच सुचवते, आणि गणपतीनंतर लगेच एक उजळणीचा आठवडा ठेवते. नवा धडा त्या आठवड्यात सुरू करत नाही.

सुधारणा: एका सत्रात दोनच

एवढं सगळं जमा झालं की दहा गोष्टी बदलाव्याशा वाटतात. दोन निवडा. जास्त बदललं तर कशाचा उपयोग झाला हे शेवटी सांगता येत नाही, आणि शिक्षकही दमतात. आमच्या पहिल्या दोन: ऐकण्याचा सराव आणि मराठीचा नीट वापर.

ऐकण्यासाठी आम्ही पत्रे बदलू शकलो नाही. ध्वनिफिती मुलांच्या फोनवर पाठवल्या. वीज असेल तेव्हा फोन चार्ज करून ठेवायचे, पावसात सगळ्यांनी कानाला इअरफोन लावून एकाच वेळी ऐकायचं, मग जोडीदाराला सांगायचं. ज्यांच्याकडे इअरफोन नाहीत त्यांच्यासाठी संस्थेने साधे चार-पाच आणून ठेवले. रोज सकाळी तीन मिनिटांची एक फीत आणि तिच्यावर एक प्रश्न, हेही ठेवलं.

मराठीबद्दल मला जरा सविस्तर बोलायचंय. आपली पुस्तकं बहुधा इंग्रजीतून समजावतात. आपली मुलं जर्मन शिकताना आधी इंग्रजीची पायरी चढतात, आणि तिथेच घसरतात. खरं तर मराठीतून थेट गेलं तर वाट जवळची आहे.

जर्मनमध्ये तीन लिंगं आहेत म्हटल्यावर इंग्रजी पुस्तक पानभर समजूत घालतं. आपल्याकडे तो आंबा, ती होडी, ते जाळं हे मूल बोलायला लागल्यापासून येतं. नपुंसकलिंग म्हणजे काय हे समजवावं लागत नाही. कुठला शब्द कुठल्या लिंगाचा एवढंच पाठ करायचं. मात्र मराठीचं लिंग तसंच उचललं तर चूक होते. आपला सूर्य ‘तो’, जर्मन सूर्य ‘ती’. असे उलटे शब्द वेगळ्या पानावर लिहून काढायला लावा.

आकडे बघा. पंचवीस म्हणजे पाच आणि वीस, आधी एकक मग दशक. जर्मन ‘फ्युन्फ-उंड-त्स्वान्त्सिग’ म्हणजे तेच, पाच-आणि-वीस. इंग्रजीतून शिकणारी मुलं इथे उलटसुलट लिहितात. मराठीतून सांगितलं की हसतात आणि पुढे जातात.

उच्चारांत तर आपल्याकडे ठेवाच आहे. ‘चहा’तला च वेगळा आणि ‘चमचा’, ‘चाक’ यांतला वेगळा. जर्मन ‘त्साइट’ म्हणजे वेळ, त्याचा पहिला आवाज ‘चमचा’तल्या च चा. जपानीतला ‘त्सु’ जवळजवळ आपल्या ‘चूल’मधल्या ‘चू’सारखा. हे एकदा दाखवलं की मूल आयुष्यभर विसरत नाही.

भूतकाळात मराठी आणखी कामाला येते. ‘मी गेलो’, ‘मी आलो’, ‘मी राहिलो’ इथे क्रियापद माझ्यासारखं चालतं. ‘मी आंबा खाल्ला’, ‘मी चिंच खाल्ली’ इथे ते खाल्लेल्या वस्तूप्रमाणे चालतं. जर्मनही अशीच दोन घरं करते. गेलो म्हणताना ‘इश बिन गेगांगन’, म्हणजे असण्याचं क्रियापद घेऊन. खाल्लं म्हणताना ‘इश हाबं गेगेसन’, म्हणजे जवळ असण्याचं. जाणं, येणं, राहणं (म्हणजे थांबणं) यांना हे जुळतं. ‘झोपलो’ला जुळत नाही, तिथे जर्मन दुसऱ्या घरात जाते. तेवढे अपवाद सांगून ठेवायचे. फ्रेंचमध्येही ‘गेलो’ असण्याच्या क्रियापदानेच होतं.

जपानी शिकणाऱ्याला तर वाक्याची मांडणी शिकवावीच लागत नाही. ‘मी भात खातो’, ‘वाताशी वा गोहान ओ ताबेमासु’: क्रम तोच, क्रियापद शेवटी, आणि शब्दामागे चिकटणारे छोटे प्रत्यय आपल्या विभक्तींसारखे.

एका गोष्टीची काळजी घ्या. उच्चार देवनागरीत लिहून घेण्याची सवय पहिल्या महिन्यापुरतीच असू द्या. पुढे ती मुलं मूळ लिपी वाचायचं टाळतात.

शिक्षकाकडे लक्ष द्या

गावात बहुधा एकच जण शिकवत असतो. त्याला विचारायला कुणी नसतं, आणि वर्षानुवर्षं ए१ शिकवून स्वतःची भाषाही गंजते. शिकवणारा मुलांच्या निदान दोन पायऱ्या पुढे हवा असं मला वाटतं. पण तो तसा राहावा ही जबाबदारी संस्थेची आहे. वर्षातून एकदा पुण्याला किंवा मुंबईला मॅक्समुल्लर भवन (गोएथे इन्स्टिट्यूटचंच आपल्याकडचं नाव) किंवा फ्रेंच शिकवणाऱ्या आलियाँस फ्राँसेझच्या शिक्षक प्रशिक्षणाला पाठवायचा प्रवासखर्च अंदाजपत्रकात धरा. वह्या तपासण्याच्या वेळेचंही मानधन द्या.

भाषा कुठे वापरली जाणार?

अलिबागच्या पुढे रेवदंड्याजवळ कोर्लई नावाचं गाव आहे. १७४० मध्ये पोर्तुगीज तिथून गेले. तिथली ख्रिस्ती कुटुंबं आजही घरात पोर्तुगीज आणि मराठीच्या मिश्रणातून झालेली आपली वेगळी भाषा बोलतात. इतकी वर्षं ती शाळेशिवाय टिकली, कारण चुलीपाशी तिला रोज काम आहे. आमच्या वर्गातल्या जर्मनला तासाबाहेर काहीच काम नव्हतं. आता आम्ही महिन्यातून एकदा परदेशात नोकरी करणाऱ्या आमच्याच जुन्या विद्यार्थिनींना व्हिडिओ कॉलवर बोलावतो आणि मुलं त्यांना प्रश्न विचारतात. तारकर्लीच्या काकांनी पाहुण्यांसाठीची सूचना-पाटी वर्गाकडून लिहून घेतली. तुमच्या गावात बंदर असेल, कारखाना असेल, पर्यटक येत असतील, तिथे विचारून बघा.

पालकांशी खरं बोला

कोकणातल्या किती घरांतला माणूस आखातात किंवा बोटीवर आहे! बाहेर जाण्याची आस काय असते आणि एजंटाने बुडवलं की काय होतं, हे आपल्या लोकांना नव्याने सांगायला नको. म्हणून वर्गाच्या जाहिरातीत नोकरीचं आश्वासन कधीही छापू नका. ए१ झालं की जर्मनीत नर्स होता येत नाही. जपानच्या विशेष कुशल कामगार व्हिसाला एन४ च्या तोडीची भाषा लागतेच, त्याशिवाय कामाच्या कौशल्याची वेगळी परीक्षा असते. हे प्रवेशाच्या दिवशीच सांगा. परदेशी नोकरीसाठी माणसं पाठवणाऱ्याला १९८३ च्या उत्प्रवास कायद्याखाली परराष्ट्र मंत्रालयाची नोंदणी लागते. कुणी वर्गात येऊन अर्ज वाटू लागला तर आधी ती नोंदणी तपासा, मगच त्याला आत घ्या.

तीन महिन्यांनी

तीच तीन कामं पुन्हा द्या आणि दोन्ही रेकॉर्डिंग्ज मुलाला सलग ऐकवा. आमच्या नर्सिंगच्या एका मुलीने पहिल्या वेळी गाडी चुकल्याच्या कामात चार शब्द बोलून मान खाली घातली होती. दुसऱ्या वेळी तिला ‘गाडी’ला नेमका शब्द आठवला नाही, तेव्हा ती खिडकीवरच्या माणसाला ‘ते मोठं, लांब, रुळावरचं’ असं सांगत राहिली आणि पुढची वेळ विचारूनच थांबली. तिचं ऐकणं सुधारलं होतं, बोलणंही. लिहिणं मात्र होतं तिथेच आहे. पुढच्या सत्राच्या वहीत पहिल्या पानावर ‘लेखन’ असं लिहून ठेवलंय.